अठ्ठेचाळीस रकाने

नो ड्यूजच्या फॉर्मवर अकरा सह्या लागतात. ग्रंथालय, वसतिगृह, मेस, जिमखाना, मग एकेक विभाग. नवव्या सहीसाठी परवा आमच्या बालवाडीच्या पायरीवर बसले होते. मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. आतून साडेचार वर्षांचा एक जण आला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "तू परत लिहायला आलीस?"

"नाही रे. सही घ्यायला आले."

"मला येते सही," म्हणत त्यानं माझ्या हातातला पेन घेतला आणि फॉर्मच्या पाठीवर एक गोल काढला. पूर्ण, तोंड मिटलेला. तीन वर्षांच्या आसपास मुलांना बघून गोल काढता येतो हे मला पाठ आहे, त्यामुळे साडेचार वर्षांच्या पोराच्या गोलाचं कौतुक वाटायचं खरं तर काही कारण नव्हतं. तरी वाटलं. फॉर्म तसाच जमा करणार आहे.

मी परभणीच्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञानाच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. नाव नवं, दुकान जुनं. आयसीएआरनं, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेनं, अभ्यासक्रम बदलला तेव्हा गृहविज्ञानाचं सामुदायिक विज्ञान झालं, पण परभणीतला ऑटोवाला अजून "होम सायन्सला सोडू का?" असंच विचारतो आणि आम्हीही होच म्हणतो. नवं नाव सांगितलं तर लोकांना वाटतं आम्ही समाजकार्य करतो. जुनं सांगितलं तर वाटतं पोळ्या करतो.

इथं यायचं माझ्या मनात नव्हतं. मला बीएस्सी ॲग्री हवं होतं. बारावीला गुण कमी पडले, प्रवेशाच्या फेऱ्या संपत आल्या आणि यादीत हे नाव लागलं. आमचं गाव वसमतकडचं. हळद, कापूस आणि पाऊस पडला तर बाकी सगळं. अण्णा पहिली दोन वर्षं गावात सांगत होते, "पोरगी कृषी विद्यापीठात हाय." खोटं नव्हतंच ते. आत्यानं मात्र खोदून विचारलं आणि उत्तर ऐकून म्हणाली, "स्वयंपाक शिकायला चार वरीस? मह्याकडं पाठिवली असती तर चार महिन्यांत शिकिवला असता."

पहिल्या वर्षी पाचही विभागांचं थोडं थोडं शिकवतात. वस्त्रशास्त्रात मी कशीबशी पास झाले. माझी बटणपट्टी मॅडमनी सगळ्या वर्गाला दाखवली होती, कशी नसावी ते कळावं म्हणून. अन्नशास्त्र बरं गेलं, कारण तिथं सगळं वजन करून. आईच्या मुठीनं आणि चिमटीनं वाढलेल्या मुलीला पन्नास ग्रॅम पीठ काट्यावर बघणं गमतीचं वाटतं. कौटुंबिक संसाधन व्यवस्थापनात ओट्याची उंची, वाकणं, चुलीपासून हंड्यापर्यंतची पावलं मोजली. ह्या विषयाचं मूळ तिकडंच आहे म्हणतात: एलेन रिचर्ड्स ही अमेरिकेतल्या एमआयटीत शिकलेली पहिली बाई, १८७३ ची पदवीधर, पाणी तपासणारी रसायनशास्त्रज्ञ. तिनं १८९९ साली लेक प्लॅसिडला माणसं जमवली आणि घर ही अभ्यासायची गोष्ट आहे हे लावून धरलं. म्हणजे सुरुवात पाणी तपासण्यापासून झाली होती, पोळ्यांपासून नव्हे. आत्याला हे सांगून उपयोग नव्हता. मी सांगितलं, उपयोग झाला नाही.

मी रमले ते मानव विकास आणि कुटुंब अभ्यासात. तिथली पहिली शिक्षा अजून आठवते. बालवाडीत एका कोपऱ्यात बसून एका मुलाचं वीस मिनिटं निरीक्षण लिहायचं होतं. मी लिहिलं: "मूल हट्टी आहे. इतरांशी मिसळत नाही. आईची आठवण येत असावी." मला वाटलं, छान लिहिलं. मॅडमनी तिन्ही वाक्यांवर लाल रेघ मारली. "हट्टी हे तुला कुठं दिसलं? डोळ्यांना काय दिसलं ते लिही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. "१०.०५: ठोकळ्यांच्या टोपलीजवळ उभा. १०.०७: एका मुलीनं लाल ठोकळा पुढं केला. घेतला नाही. १०.०८: ती गेल्यावर तोच ठोकळा उचलला." असं तीन पानं. शेवटी मलाच दिसलं की तो मिसळत नव्हता असं नाही. समोरचं माणूस बाजूला झालं की दोन-तीन मिनिटांनी त्याच वस्तूला हात घालायचा. त्याला वेळ लागत होता. हट्टी लिहून मी वही मिटली असती तर हे कधी कळलंच नसतं.

पियाजे ह्या मानसशास्त्रज्ञाचा पाण्याचा प्रयोगही ह्याच बालवाडीत केला. दोन सारखे पेले, सारखं पाणी. मग एकातलं पाणी उंच, बारीक पेल्यात ओतायचं आणि विचारायचं, आता जास्त कशात? चार-पाच वर्षांची मुलं उंच पेल्याकडं बोट दाखवतात, सात-आठची हसतात. पुस्तकात असं आहे आणि बहुतेक वेळा तसंच होतं. एका मुलीनं मात्र कमरेवर हात ठेवून मलाच विचारलं, "तूच ओतलं की! तुला माहीत नाही का?" ह्या उत्तराला गुण कुठल्या रकान्यात द्यायचे ते मला अजून कळलेलं नाही.

रकान्यांवरून आईची गोष्ट सांगते.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत माणसानं काय काय केलं ते अर्ध्या अर्ध्या तासाच्या रकान्यांत भरायचं. रकाने अठ्ठेचाळीस. त्यातून निघालं ते असं: घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांचे ९७. आणि ही ९७ मिनिटं घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची. असे पुरुष शंभरात साधारण २६. बायका ८१. वर्गात हे आकडे फळ्यावर आले तेव्हा कुणी फारसं दचकलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकीनं आपल्याच घरातल्या दोघांचे रकाने भरून आणायचे ठरलं.

आईला विचारलं, तू दिवसभर काय काय करतेस? तिनं वर न बघता सांगितलं, "मी काय करते, घरीच असते." हातात विळा होता आणि ती शेतातून आली होती.

मग मी तिच्या मागं मागं फिरायला लागले. ती साडेचारला उठते. पाच ते साडेपाच ह्या एका रकान्यात सडा, झाडलोट, चुलीवर पाणी, शेण काढणं आणि धाकट्याला तीनदा हाक. नियम असा की मुख्य काम एक लिहायचं, बाकीची बाजूला. मी विचारलं, "ह्यातलं मुख्य कोणतं?" आई थांबली. तिला प्रश्नच कळेना. "सगळं एकाच टायमाला होतंय की गं. येक आधी आन येक मागून केलं तर उजाडंल."

शेवटी हिशेब असा लागला. घरकाम तेरा रकाने, शेत चौदा, झोप बारा. शेतात जाणं-येणं तीन. जेवण, चहा, आंघोळ मिळून चार. बचत गट एक. टीव्ही एक, आणि त्या अर्ध्या तासात ती मेथी निवडत होती. घरकामाचीच मिनिटं केली तर ३९०. देशाच्या सरासरीपेक्षा आई दीड तास पुढं, आणि वर शेतात सात तास.

अण्णांच्या घरकामाचा रकाना एकच भरला, तोही मी ओढूनताणून भरला. ते खरंच नाराज झाले. "आन बैलांचं? वैरण, पाणी, बांधणं, सोडणं?" मी सांगितलं, ते सर्वेक्षणात वेगळ्या ठिकाणी मोजतात, घरकामात नाही. "म्हंजे बैलं घरातली न्हाईत का?" ह्यावर मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर त्यांचा मुद्दा मला पटला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवल्यावर आपलं ताट उचललं, मोरीपर्यंत नेलं आणि मला विचारलं, "हे किती मिन्टाचं झालं?" तिसऱ्या दिवशी ताट जागेवरच होतं.

दुसरं घरचं काम जेनोग्रामचं. वंशावळीसारखंच, पण नात्यांच्या खुणांसकट. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाला रेघ. नवरा-बायको आधीपासून रक्ताच्या नात्यातले असतील तर दोन रेघा. माझ्या कागदावर तीन पिढ्यांत तीन ठिकाणी दोन रेघा आल्या. माझी आजी ही आईची आत्या. आई लग्न होऊन आली ती आत्याच्या घरी. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतभरच्या नातेसंबंधांचा नकाशा मांडला, त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिणेच्या मधला. उत्तरेत असं लग्न चालत नाही, दक्षिणेत ते हौसेनं होतं, आणि आपल्याकडं मामाची मुलगी चालते, आत्याची बहुतेक ठिकाणी नाही. वर्गात हे ऐकताना मी आमच्या वाड्यातली माणसं एकेक करून त्या नियमात बसवत होते. सगळी बसली.

त्याच सेमिस्टरला आनुवंशिकता होती. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात मुलाला दोन्हीकडून एकच जनुक येण्याची शक्यता सोळात एक. जन्मजात दोषांचा धोका साधारण दुप्पट होतो. मॅडमनी लगेच पुढं जोडलं की दुप्पट झाला तरी बहुतेक मुलं निरोगीच जन्मतात, तेव्हा घरी जाऊन आजीला घाबरवू नका. मी घाबरवलं नाही. कागद मात्र जपून ठेवला.

आता रावे, म्हणजे ग्रामीण कार्यानुभव. सातव्या सेमिस्टरला गावात राहून काम करायचं असतं. आमचं सहा जणींचं टोळकं गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात होतं, पाऊस सुरू झाल्यापासून दसऱ्यापर्यंत. घरोघरी सर्वेक्षण, महिलांच्या बैठका, प्रात्यक्षिकं, आणि मला वाटून आलेली अंगणवाडी.

अंगणवाडी हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो कुणीतरी घडवला असेल असं वाटत नाही. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत. बालवाडीत मुलं येईनात, म्हणून मग ह्यांनीच बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. पुढं कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा मराठी शब्द देशभर गेला. आमच्या गावातली अंगणवाडी दीड खोलीची होती. अंगण होतं, पण त्यात ग्रामपंचायतीचे पाइप पडलेले.

माझं पहिलं व्याख्यान पूरक आहारावर होतं. सहा महिने निव्वळ आईचं दूध, मग वरचं खाणं. रंगीत तक्ता केला होता: नाचणीचं सत्त्व, सफरचंदाचा गर, अंड्याचा बलक. पंधरा-वीस बाया बसल्या होत्या. माझं झाल्यावर मागून एकीनं विचारलं, "बाई, नाचणी कुठं भेटती?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण रात्री झोप आली नाही. परभणी जिल्ह्यात मी नाचणी शिकवून आले होते. पुस्तकात नाचणी आहे म्हणून.

दुसऱ्या आठवड्यात तक्ता गुंडाळून ठेवला आणि सेविकाताईंच्या घरून ज्वारी आणली. रात्रभर भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, वाळवली, मोडाचे कोंब चोळून काढले, भाजली, दळली. ह्यात एक खरी गंमत आहे. साध्या पिठाची कांजी शिजली की घट्ट होते. पातळ करायला आई पाणी घालते, मग लेकराचं पोट पाण्यानंच भरतं. मोड आलेल्या दाण्यात पिष्ट तोडणारं विकर तयार झालेलं असतं, त्यामुळे तेवढंच पीठ घातलं तरी लापशी सैल राहते. म्हणजे वाटी तीच, पण अन्न जास्त. वर शेंगदाण्याचा कूट आणि चमचाभर तेल. दोन पातेली शेजारी ठेवून चमचा फिरवून दाखवला तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "आमची माय करायची की आसं. मंग पोरीहो, तुम्ही नवं काय सांगू लालात?" ह्यापेक्षा चांगला शेरा मला चार वर्षांत मिळाला नाही.

सप्टेंबरात दंडघेर मोजायचं काम होतं. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या डाव्या दंडाभोवती तिरंगी पट्टी लावतात. १२.५ सेंटिमीटरच्या वर हिरवं, ११.५ च्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, मधलं पिवळं. चौदा महिन्यांच्या एका मुलीचा घेर आला ११.३. पुन्हा मोजला, तोच. वजन घेतलं, उंची घेतली, पायांवर अंगठा दाबून सूज बघितली. सूज नव्हती. तिची आई दाराशी उभी होती, कडेवर मोठा मुलगा. वयानं माझ्याएवढी. जन्मसाल विचारलं तर माझंच निघालं.

त्या रात्री रोजच्या वहीत मी लिहिलं: "आई निष्काळजी. दोन वेळा बोलावूनही वजनाला आली नव्हती."

शनिवारी मॅडम भेटीला आल्या आणि वही चाळली. काही बोलल्या नाहीत. पेन काढला आणि 'निष्काळजी' शब्दावर रेघ मारली. पहिल्या वर्षी मारली होती तशीच. मी मान खाली घालून उभी. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, नव्वद पानांची वही, आणि चूक तीच.

सोमवारी त्या घरी गेले ते नुसतं बसायला. विचारलं काहीच नाही. ती पाटाच्या कडेला पोरीला मांडीवर घेऊन भाकरी थापत होती. दुपारपर्यंत जे दिसलं ते असं: सकाळी सहाला ती सोयाबीन काढायला जाते, अकराला परत. मधल्या वेळेत लेकरू सासूजवळ. सासूला एका डोळ्यानं दिसत नाही. पोरगी चहात बुडवलेलं बिस्किट खाते, कारण ते सासूला देता येतं. अंगणवाडीत वजन घेतात ते दहा वाजता. दहा वाजता ती सोयाबीनमध्ये असते. रोज बुडवला तर मुकादम नाव काढून टाकतो, आणि उचल आधीच घेतलेली. दसरा झाला की जोडीनं कारखान्यावर जायचं होतं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून आगाऊ पैसे उचलायचे आणि पुढं पाच-सहा महिने तोडून फेडायचे. लेकरं एक तर सोबत फडात, नाही तर मागं आजीजवळ.

आम्हाला ब्रॉनफेनब्रेनर नावाचा एक शास्त्रज्ञ आहे. नाव उच्चारता यायला मला एक सेमिस्टर लागलं, मुली त्याला ब्रॉनबाबा म्हणतात. त्यानं मुलाभोवती वर्तुळं काढली. सगळ्यांत आत घर आणि बालवाडी. त्याबाहेर एक वर्तुळ असं की मूल तिथं कधी पाऊल ठेवत नाही, पण तिथं ठरलेलं सगळं त्याच्या अंगावर येतं. परीक्षेत उदाहरण म्हणून आम्ही नेहमी 'वडिलांचं ऑफिस' लिहितो. पेपरात दरवर्षी छापून येतं, अमुक कारखान्याचं बॉयलर अग्निप्रदीपन, म्हणजे हंगामाची सुरुवात, फोटोत हार घातलेले पुढारी. चौदा महिन्यांच्या मुलीचा दंड किती सेंटिमीटर भरेल ते त्या तारखेवर ठरत होतं. परीक्षेत आता हेच उदाहरण लिहिलं. पाचपैकी चार मिळाले.

सेविकाताईंनी केलं ते माझ्या तक्त्यांपेक्षा मोलाचं. त्यांनी मुलीचं नाव ग्राम बालविकास केंद्रात घेतलं, आरोग्य केंद्रातून तपासणी करून घेतली. भूक चांगली होती, ताप नव्हता, म्हणून परभणीला भरती करायची वेळ आली नाही. दिवसातून थोडं थोडं, पुष्कळ वेळा खायला घालायचं होतं. सकाळचं खाणं ताई आठ वाजता स्वतः घेऊन जायच्या, सासूच्या हातात वाटी द्यायच्या आणि संपेपर्यंत बसायच्या. ताईंच्या स्वतःच्या अठ्ठेचाळीस रकान्यांत ते कुठं बसत होतं, कोण जाणे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घेर ११.८ आला. लालातून पिवळ्यात. मोड आलेल्या ज्वारीचं दोन किलो पीठ आम्ही सहा जणींनी दळून दिलं. ताईंनी एका वहीच्या पानावर वजन, घेर, लशींच्या तारखा लिहून ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या आईच्या पोलक्यात खोचलं आणि सांगितलं, "तिथं जी कुणी ताई भेटंल तिला दाखीव."

ट्रॅक्टर सकाळी सातला निघाला. पोरगी झोपलेली होती. नंतर दिवाळीत एकदा फोन आला, लेकरू उभं राहायला लागलंय म्हणून. त्यानंतर नंबर लागत नाही.

पुढं काय, हा प्रश्न सध्या घरात रोज असतो. अण्णांना वाटतं, अंगणवाडी पर्यवेक्षिकेची परीक्षा द्यावी, सरकारी नोकरी, सुट्ट्या ठरलेल्या. मी देणार आहे. मैत्रिणींपैकी दोघी पुण्यात बालवाडीच्या साखळी शाळांत लागल्या. एका ठिकाणी मीही मुलाखतीला गेले होते. तीन वर्षांच्या मुलांशी दिवसभर फक्त इंग्रजीतच बोलाल ना, असं विचारलं. मी म्हटलं, मूल ज्या भाषेत रडेल त्या भाषेत बोलेन. त्यांनी कळवतो म्हणून सांगितलं. अजून कळवलेलं नाही. पगार ऐकला तेव्हा वाईट वाटायचं थांबलं.

मला एमएस्सी करायचं आहे, ह्याच विषयात. डोक्यात एकच गोष्ट आहे: हंगामात मागं राहिलेली लेकरं आणि त्यांना सांभाळणाऱ्या आज्या. आजी काय खाऊ घालते, तिला किती दिसतं, किती ऐकू येतं, ती कुणाला विचारते. आईला सल्ला देणारी पत्रकं आपल्याकडं ढिगानं आहेत. वाटी जिच्या हातात आहे तिच्याशी बोलणारं पत्रक मी तरी बघितलेलं नाही. राज्याची पीजी सीईटी आणि आयसीएआरची परीक्षा, दोन्ही देणार. फेलोशिप मिळाली तर अण्णांशी बोलणं सोपं जाईल.

आणि आत्या. तिनं ह्या संक्रांतीला सरळच विषय काढला. तिच्या मुलाशी माझं. म्हणजे नकाशाप्रमाणे अगदी नियमातलं, मामाची मुलगी. मला राग यायला हवा होता, तो आला नाही. आत्या मला हट्टी दिसत नव्हती. तिचे गुडघे गेलेत, मुलगा टेम्पोवर बाहेर असतो, घरात परकी पोरगी आली तर आपलं कसं होईल ही धास्ती तिच्या प्रत्येक वाक्यात होती. मी तिला जेनोग्राम दाखवला, दोन रेघांचा अर्थ सांगितला, दुप्पट म्हणजे किती तेही खरं तेच सांगितलं. ती म्हणाली, "तुह्या मायला काय झालं? तू धडधाकट हायस की." तेही खरंच आहे. शेवटी मी म्हटलं, आत्या, आकडे राहू दे, मला शिकायचंय आणि मला तो भावासारखा आहे. ती दोन दिवस बोलली नाही. आतेभाऊ बसस्टँडवर सोडायला आला तेव्हा म्हणाला, "मला तरी कुठं कुणी विचारलंतं?"

काल रात्री एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म भरत होते. वडिलांचा व्यवसाय: शेतकरी. आईचा व्यवसाय. चार वर्षांपूर्वी ह्या जागी मी विचार न करता 'गृहिणी' निवडलं होतं. यादीत तोच शब्द सगळ्यांत वर असतो. मी आईला फोन लावला.

"आई, तुझ्या व्यवसायात काय लिहू?"

"मागं काय लिव्हलंतं?"

"गृहिणी."

तिकडून वैरणीचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, "शेती लिव्ह की. पण सातबाऱ्यावर मव्हं नाव न्हाई. चालंल का?"

मी म्हटलं, इथं सातबारा मागितलेला नाही. यादीत खाली सरकत गेले, 'शेतकरी' सापडलं, ते निवडलं. आई विचारत होती, फॉर्मला पैसे किती पडले.